रोसकॉमनचं कापड

फोन आला तेव्हा नोरीन हॅन्ली एका वयस्कर अमेरिकन जोडप्याला रोसकॉमन दाखवत होती. म्हणजे रोसकॉमन काउंटीचं, त्या जिल्ह्याच्या नावाचं टार्टन. आयर्लंडातल्या गॉलवेच्या त्या लोकरीच्या दुकानात काउंटीचं नाव घेतलं की चौकडीचं कापडच समजायचं. वरच्या फळीवरचं मेयो काढ, कॉर्क संपत आलंय, लिट्रिमला कुणी विचारत नाही, अशी भाषा बोलत नोरीननं तिथं वीस वर्षं काढली होती. आता ती एकसष्ट वर्षांची होती आणि गठ्ठ्यातून कापड सोडताना हात किती वर न्यायचा, उजेडात केव्हा धरायचं, हे तिला विचार न करता जमत होतं. ‘हा हिरवा म्हणजे कुरणं,’ ती सांगत होती. ‘हा निळा लॉक री तलावाचा. आणि ही बारीक पिवळी रेघ पाहिलीत? ती गॉर्सची फुलं. एप्रिलमध्ये बांधाबांधावर पेटल्यासारखी फुलतात.’ म्हाताऱ्यानं पिवळ्या रेघेवरून बोट फिरवलं. त्याची पणजी रोसकॉमनची होती. ‘किती जुनं असेल हो हे?’ त्यानं विचारलं. सगळेच विचारायचे. नोरीनचं उत्तरही ठरलेलं होतं. ‘रोसकॉमन? रोसकॉमन फार जुनं.’ यात खोटं काही नव्हतं. काउंटी जुनीच होती. टार्टन १९९६ साली स्कॉटलंडमधल्या एका गिरणीत एका डिझायनरबाईनं आखलं होतं, बत्तीसही काउंट्यांची त्याच सुमाराला, आणि हे नोरीनला विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. पण माणसं ‘हे’ म्हणायची, ती ‘रोसकॉमन’ म्हणायची, आणि मधल्या फटीत वीस वर्षं निवांत बसली होती.

मागच्या खोलीतून मालकानं, पॉरिक कनीलीनं, हाक मारली. ‘नोरीन, फोन. अमेरिका.’

‘मापं असतील. लिहून घे की.’

‘मापं नाहीत गं. तुझं पूर्ण नाव घेऊन विचारतेय.’

बाईचा आवाज घोगरा होता आणि ती सावकाश बोलत होती, एखादं जड सामान दोन्ही हातांनी धरून जिना उतरावा तशी. ‘नोरीन हॅन्ली ना? मी ग्लोरिया. मॅलकीची बायको. फॉल रिव्हरहून बोलतेय.’ मग ती थांबली. ‘रविवारी सकाळी गेला तो. त्रास झाला नाही. तीन वर्षं आजारीच होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं, हो ना?’

‘नाही.’

‘शुक्रवारी चर्चमध्ये त्याचा मास आहे. त्यानं लिहून ठेवलंय, चौकडीचा, निऱ्यांचा किल्ट घालूनच मला पेटीत ठेवा. आमचे फादर विचारताहेत की त्या कापडाचा, रंगांचा अर्थ काय. त्यांना दोन शब्द बोलायचेत. मॅलकी म्हणायचा, अर्थबिर्थ माझ्या बहिणीला विचार, तिलाच माहीत. म्हणून केला फोन. नाहीतर केला नसता.’

नोरीन म्हणाली, ‘आत्ता गिऱ्हाईक उभं आहे.’ हे वाक्य आपल्या तोंडून गेलं हे तिला ऐकू आलं. ‘उद्या करते मी. तुमच्या सकाळी दहाला. नंबर सांगा.’ ग्लोरियानं नंबर सांगितला, नाव सांगितलं, ग्लोरिया मेदेरोस, आणि म्हणाली की उद्या दहाला ती अंत्यसंस्कारवाल्यांच्या तिथंच असेल, त्याचे कपडे घेऊन. नोरीननं पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. मग बाहेर येऊन तिनं म्हाताऱ्याला पणजीच्या नावानं एक गळपट्टा विकला, कागदात गुंडाळला, फीत बांधली, फितीचं टोक कात्रीनं कुरळं केलं. हात रोजच्यासारखेच चालले. त्याचा तिला थोडा रागही आला.

‘कोण होतं?’ पॉरिकनं विचारलं.

‘भाऊ गेला माझा.’

‘तुला भाऊ होता?’

‘होता.’

‘वीस वर्षांत कधी बोलली नाहीस, बाई.’ मग त्याला उमगलं की हे बोलायला नको होतं. त्यानं पुढं होऊन तिचा हात हातात घेतला. ‘वाईट झालं गं, नोरीन. फार वाईट झालं. थांब, चहा टाकतो.’ तिथं कुणी गेलं की हात हातात घेऊन एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानंही जास्त काही म्हणायचं नसतं. नोरीननं चहा घेतला. दोन चमचे साखर घातली होती त्यानं, ती कधी घेत नसे. तिनं तसाच प्यायला.

दुकान बंद झाल्यावर ती नेहमीसारखी सॉल्टहिलच्या बाजूला चालत गेली. समुद्र शिशासारखा पडून होता, पलीकडे क्लेअरचे डोंगर अर्धे दिसत होते. माणसं कुत्री घेऊन फिरत होती. तिला मॅलकीचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण त्याच्या कडेकडेनं दुसरंच काहीतरी खुपत होतं, बुटात खडा शिरावा तसं. काहीतरी चुकलं होतं त्या फोनमध्ये. ती शब्द आठवून पाहू लागली. रविवारी सकाळी. तीन वर्षं आजारी. किल्ट. हे तर हसण्यासारखंच होतं. त्यांच्या घरात किल्ट कुणी घातला होता? बाबांनी मॅलकीला किल्टमध्ये पाहिलं असतं तर म्हणाले असते, हा परकर कुणाचा उचललास? मुलाच्या अंगावर परकर घरात एकदाच पाहिला होता, तोही फोटोत. आजोबा सहा वर्षांचे, अनवाणी, जाड लोकरीच्या परकरात. परीलोकातले लोक मुलगे पळवतात, मुली पळवत नाहीत, म्हणून पोरांना परकर घालायचे त्या काळी. पाच वर्षांचा मॅलकी त्या फोटोला हसून हसून लोळला होता. अकरा वर्षांच्या नोरीननं त्याला दटावलं होतं, हसू नकोस, तुलाही घालीन, तर तो म्हणाला होता, मला कोण नेतंय.

त्याला कुणी नेलं नाही. तो आपल्या पायांनी गेला, सत्याऐंशीत, स्ट्रोक्सटाउनच्या रस्त्यावरून बसनं, एक पिशवी घेऊन. तेव्हा सगळेच जात होते. सुट्टीवर चाललोय असं सांगून जायचं आणि तिकडं राहून जायचं, कागदपत्रांशिवाय. बॉस्टन, मग आणखी खाली कुठंतरी, सुतारकाम. दर रविवारी फोन. मग नोरीनचे दिवस आईच्या खोलीत जाऊ लागले. अठ्ठ्याण्णवचा हिवाळा. आईला कुशीवर वळवायचं, तोंड ओलं करायचं, रात्रीचे कपडे बदलायचे. आई दर दोन तासांनी विचारायची, मॅलकी आला का गं. नोरीननं फोनवर सांगितलं, ये. तो म्हणाला, ‘आलो तर परत जाऊ देणार नाहीत. कागद नाहीत माझ्याकडे. व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं नाही.’ ती म्हणाली, ‘मग येऊन इथंच राहा.’ तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्यात तिला त्याचं तिकडचं सगळं ऐकू आलं, भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचं जेवण ऐकू यावं तसं. ती म्हणाली, ‘मग तिकडंच राहा. ती गेली की मी तुला कळवणारही नाही.’ माणूस रागात काहीही बोलतो. पण नोरीननं ते केलं. आई गुरुवारी गेली, शनिवारी तिला पुरलं, आणि नोरीननं फोनकडे पाहिलं नाही. त्याला नऊ दिवसांनी कुणा चुलतभावाकडून कळलं. त्यानं आईच्या नावानं मास वाचल्याचं कार्ड पाठवलं, नुसती सही. तिनं उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी घर विकून ती गॉलवेला आली. तिनं पक्कं ठरवलेलं असं काहीच नव्हतं. एक आठवडा उत्तर द्यायचं राहिलं, मग एक महिना, आणि मग इतका वेळ झाला की आता काय लिहायचं याचंच दडपण झालं.

फिरणाऱ्यांची वाट संपते तिथं नोरीननं सवयीनं भिंतीला बुटाची ठोकर मारली, सगळे मारतात तशी, आणि ती परत वळली. आणि तेव्हा तो खडा कुठं आहे ते तिला कळलं. मेदेरोस. तिनं नावाची अक्षरं विचारली नव्हती. इतकं परकं नाव, एकदाच ऐकलेलं, आणि पेन न अडखळता पुढं गेलं होतं. हाताला ते नाव ठाऊक होतं.

सकाळी ती पॉरिकच्या आधी दुकानात आली. मापांची कार्डं मागच्या खोलीतल्या लाकडी खणांत असत. किल्ट ज्याचा त्याच्या मापानं शिवतात, आणि एकदा घेतलेलं माप कधी टाकत नाहीत. ‘म’च्या खणात तिला ते तिसऱ्या मिनिटाला सापडलं. ग. मेदेरोस, फॉल रिव्हर. रोसकॉमन. २००४. कंबर अडतीस, नितंब एक्केचाळीस, लांबी तेवीस. तिचंच अक्षर. खाली दुसऱ्या शाईत, तिच्याच अक्षरात: २०१६, कमरेत दोन इंच आत घेणे. त्याखाली: २०१८, आणखी तीन इंच.

ती स्टुलावर बसली. दोन्ही वेळची पार्सलं तिला आठवली, मुद्दाम आठवावी लागली नाहीत. दोन्ही वेळा निऱ्या विस्कटू नयेत म्हणून कच्चा टाका घातलेला होता. टाके मोठे होते, तिरके. किल्ट शिवणारी नॅन फोलन म्हणाली होती, ‘हे काय शिवलंय की कुंपण घातलंय?’ आणि नोरीन हसली होती. दुसऱ्या वेळी कापडाला लाकडाच्या भुशाचा वास होता. नॅननं टेप लावला, कार्डावर नजर टाकली आणि म्हणाली, ‘पाच इंच गेला हा माणूस. देव करो आणि डाएट करत असो.’ नोरीननं ‘आमेन’ म्हटलं होतं. गमतीनं. मग तिनं स्वतःच्या हातांनी तो इस्त्री केला होता, एकेक निरी ओल्या फडक्याखाली, सव्वीस निऱ्या. भाऊ असा दोनदा तिच्या टेबलावर पालथा पडून गेला होता, आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवून त्याला परत पाठवलं होतं.

पॉरिक आला, त्यानं तिच्याकडे आणि कार्डाकडे पाहिलं. तिनं सांगितलं. चार वाक्यांत झालं. तो म्हणाला, ‘दुपारी दुकान मी बघतो. मागची खोली तुझी. आणि फोनच्या बिलाची काळजी करू नकोस, हवं तेवढा वेळ बोल.’

इकडचे तीन वाजले तेव्हा तिनं फोन लावला. ग्लोरियानं लगेच उचलला. मागं कुठंतरी दार बंद झाल्याचा आवाज आला.

‘रंगांबद्दल सांगते,’ नोरीन म्हणाली. रात्रभर तिनं हे वाक्य जुळवलं होतं आणि आता ते घाईघाईनं बाहेर आलं. ‘अर्थ नाही त्याला. म्हणजे जुना अर्थ नाही. एका गिरणीत एका बाईनं शहाण्णव साली आखलं ते. आमच्या वडिलांनी ते कधी पाहिलं नाही, आजोबांनी नाही. फादरना तसं सांगा, किंवा काहीच सांगू नका.’

‘पण तुमचं कार्ड आहे ना,’ ग्लोरिया म्हणाली. ‘पार्सलात आलेलं. कुरणं, तलाव, पिवळी फुलं. स्वयंपाकघरात लावलंय त्यानं, चौदा-पंधरा वर्षं झाली.’

‘ते मी लिहिलं. मालकानं सांगितलं, गिऱ्हाइकांना काहीतरी हवं असतं, लिही. एका दुपारी बसून लिहिलं.’

‘अहो, ते त्याला माहीत होतं!’ ग्लोरिया हसली, आणि हसताना तिचा आवाज एकदम तरुण झाला. ‘वाचल्या वाचल्या म्हणाला, ही थापाडी. हा काही तलावबिलाव नाही, आमच्या मागच्या शेताचं वर्णन करतेय. गॉर्स म्हणे. आमच्याच बांधावर होतं ते, बाबा दर वर्षी जाळायचे.’

नोरीन लिहीत होती तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं काय होतं हे तिनं कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. ‘पण त्यानं घेतला कशाला? तो तर असल्या गोष्टींना हसायचा.’

‘हसायचाच. इथं आमच्या आयरिश हॉलमध्ये सगळे किल्ट घालून परेडला जातात, आयर्लंडात कधी पाय न ठेवलेले. हा एकटा तिथं जन्मलेला, हा जीन्स घालून. मग एकदा हॉलच्या टेबलावर तुमच्या दुकानाचं कॅटलॉग पडलं होतं. शेवटच्या पानावर लिहिलेलं, मापांसाठी नोरीन हॅन्लीशी बोला. त्यानं ते पान मला दाखवलं. म्हणाला, ही माझी बहीण. सात वर्षं झाली होती लग्नाला, त्याला बहीण आहे हे मला तेव्हा कळलं. मग जेवण झालं. भांडी धुताना म्हणाला, एक मागव. तुझ्या नावानं मागव.’

बाहेर दुकानाची घंटी वाजली, पॉरिक कुणाशी तरी बोलू लागला. नोरीन म्हणाली, ‘आई गेल्याचं मी त्याला कळवलं नव्हतं.’

‘माहीत आहे.’

‘रागावला होता?’

‘पुष्कळ. बरीच वर्षं.’

‘आणि नंतर?’

‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही बनवून सांगणार नाही,’ ग्लोरिया म्हणाली. ‘माफ केलं असं तो मला कधी म्हणाला नाही. पण किल्ट दोनदा तुमच्याकडेच पाठवला. इथं आमच्या कोपऱ्यावर शिंपी आहे. मी म्हटलं, अरे, समुद्रापार कशाला, पन्नास पावलांवर होईल. म्हणाला, नाही, तिथंच जाऊ दे.’

नोरीननं ‘बरं’ म्हटलं. नुसतं ‘बरं’. आत कुठंतरी फार सावकाश काहीतरी बसलं, पावसात बाहेर राहिलेलं लाकूड जागच्या जागी फुगून बसावं तसं, आणि ते सुख होतं की दुःख हे तिला ठरवता येईना. माफी असती तर घेऊन ठेवता आली असती. हे काय होतं, याला नाव नव्हतं. तिला वाटलं, आपण अक्षर तेवढं थोडं बरं काढायला हवं होतं त्या पार्सलातल्या कार्डावर. एखादी ओळ. पण काय ओळ?

‘मग फादरना काय सांगू?’ ग्लोरियानं विचारलं.

‘सांगा, त्याच्या बहिणीच्या दुकानातलं आहे.’

‘एवढंच?’

‘एवढं खरं आहे.’

‘बरं. आता दुसरी अडचण,’ ग्लोरिया म्हणाली आणि तिचा आवाज जरा खाली आला. ‘तो इथंच आहे, पुढच्या खोलीत. शर्ट, मोजे झालेत. पण इथले अंत्यसंस्कारवाले, मिस्टर फुर्टाडो, म्हणतात, त्यांनी जन्मात किल्ट नेसवलेला नाही. आणि मी तरी कुठं. तो स्वतःच नेसायचा, मला हात लावू द्यायचा नाही. पट्टे तीन आहेत आणि भोक एक आहे, काही कळत नाही.’

‘फोन स्पीकरवर ठेव,’ नोरीन म्हणाली. ‘ठेव तिथं, त्याच्या उशाशी. आणि ऐक.’

तिनं स्वतःही फोन टेबलावर ठेवला, मागच्या फळीवरून रोसकॉमनचा एक तयार किल्ट काढला आणि उलगडून पसरला. हात आपोआप निऱ्यांवर गेले. ‘निऱ्या मागं. त्याला कुशीवर घ्यावं लागेल. दोघं मिळून घ्या, खांद्याला एक, कमरेला एक. आईला असंच घ्यायचे मी. घेतलं? आता निऱ्या कण्याखाली सारख्या कर, हातानं, वरून खाली. घाई करू नकोस.’ तिकडून कापडाची सळसळ आली, एक हुंकार, मिस्टर फुर्टाडोंचं ‘हळू, हळू’. ‘आता पाठीवर. आतला पदर त्याच्या उजवीकडून डावीकडं ने. त्याचा पट्टा डाव्या अंगाच्या त्या भोकातून बाहेर काढ. निघाला?’

‘निघाला. अगं हो, निघाला!’

‘लाव बक्कल.’

‘लागतंय, पण ढिलं आहे. शेवटच्या भोकातही ढिलं आहे, नोरीन.’

नोरीनचा हात तिच्या पुढ्यातल्या पट्ट्यावर थांबला. ‘किती?’

‘दोन बोटं. तीन.’

‘पाठीमागं दुमड कापड, आतल्या बाजूला. टाचणी लाव. त्याच्याखाली जाईल, कुणाला दिसणार नाही.’ ती थांबली. ‘झालं? आता वरचा पदर डावीकडून उजवीकडं. पुरुषांचा उजवीकडंच संपतो. चौकड्या सरळ येऊ देत, ती पिवळी रेघ दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर, त्याखाली नको. आता वरचं बक्कल. मग खालचं. खालचं सैलच ठेव, नाहीतर चुणी पडते.’

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, दोन जणांचा. नोरीनच्या समोर टेबलावरचा रिकामा किल्ट सगळी बक्कलं लागून सरळ पडला होता. तिनं त्याची खालची कड तळहातानं एकदा सारखी केली.

‘झालं,’ ग्लोरिया म्हणाली.

‘नीट बसलाय?’

‘बसलाय. मिस्टर फुर्टाडो म्हणतात, फार छान दिसतोय.’

‘आणि तू काय म्हणतेस? कसा दिसतो?’

ग्लोरियानं नीट पाहिलं असावं, कारण उत्तर यायला वेळ लागला. ‘खरं सांगू? वैतागलेला दिसतोय. मासला जायला जबरदस्तीनं नटवल्यासारखा.’

‘अगं, तो तसाच दिसायचा,’ नोरीन म्हणाली, ‘दर रविवारी,’ आणि तिचा आवाज मध्येच मोडला. तिकडं ग्लोरियाही हसत होती की रडत होती. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.